स्पर्धेतल्या पिस्तुलाला रंगीत गोळी का लागते?

पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. खेळाडू मॅगझिन भरत असतो आणि काडतुसांची टोकं नेहमीसारखी तांबूस नसतात. ती लाल असतात, निळी असतात, गडद हिरवी असतात. लिपस्टिकच्या कांड्या ओळीने मांडून ठेवल्यासारखी दिसतात. हा रंग हौसेचा की कामाचा?

कामाचा. पण हे काम समजून घ्यायचं तर गोळी सोडून आधी नियमपुस्तकाकडे जावं लागतं. या खेळाडूंपैकी बरेच जण काडतुसं विकत घेत नाहीत, स्वतः भरतात. कुठली गोळी घ्यायची आणि तिच्यामागे कुठली पावडर घालायची, हा त्यांच्यातला कधीही न संपणारा वाद आहे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, जास्तीत जास्त जोरदार काडतूस कसं करायचं याची ही चर्चा असणार. असते नेमकी उलटी.

आधी शब्द जुळवून घेऊ

आपल्याकडे 'गोळी' हा शब्द सगळ्यालाच वापरतात. इथे तसं करून चालणार नाही. काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू. तिचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला ठिणगी पाडणारा प्राइमर, आत पावडर आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागे पडते, आणि ती पुन्हा पुन्हा भरता येते म्हणूनच हा सगळा उद्योग शक्य होतो.

पावडरीला मराठीत खरं तर दारू म्हणायला हवं. पण 'आज संध्याकाळी मोजून दारू भरत बसलो होतो' असं म्हटलं की ऐकणारा वेगळ्याच नजरेने बघतो, तेव्हा पावडरच म्हणू.

वजनाचं एकक ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळ्या बहुतेक 115, 124 किंवा 147 ग्रेनच्या असतात, म्हणजे सुमारे साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅमच्या.

सगळं ठरतं एका गुणाकारावर

पळत, वळत, वेगवेगळ्या लक्ष्यांवर नेम साधायचा हा खेळ आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी चालतो. ती 1976 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया इथे स्थापन झाली. अमेरिकेत तिची शाखा यूएसपीएसए. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा मेळ हे या खेळाचं ब्रीद.

अचूकता लक्ष्यावरच्या छिद्रात दिसते, वेग घड्याळात. ताकद कशी मोजायची? त्यासाठी पॉवर फॅक्टर नावाचा हिशोब आहे: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले तिचा वेग दर सेकंदाला फुटांत, भागिले 1000. शाळेत संवेग शिकलो होतो ना, वस्तुमान गुणिले वेग? तोच हा, एककं बदलून.

दोन पायऱ्या आहेत. 'मायनर'साठी हा आकडा किमान 125 हवा. 'मेजर'साठी यूएसपीएसएत 165, तर आयपीएससीत विभागानुसार 160 किंवा 170. मेजरवाल्याला मधल्या भागाबाहेर लागलेल्या गोळीचे एकेक गुण जास्त मिळतात: 'सी' भागात मायनरला 3 तर मेजरला 4, 'डी' भागात 1 आणि 2. मधल्या 'ए' भागात मात्र दोघांनाही 5च. 'प्रॉडक्शन'सारख्या विभागांत तर सगळ्यांना मायनरचेच गुण, काडतूस कितीही दणकट असलं तरी.

गंमत इथेच आहे. अशा विभागात 125 गाठले की पुढच्या प्रत्येक आकड्याबद्दल बक्षीस शून्य. मिळतो तो फक्त जादा धक्का. पिस्तूल जास्त उसळतं, नेम पुन्हा लागायला उशीर होतो, आणि गुण तर वेळेने भागले जातात. म्हणून हा माणूस ताकद वाढवत बसत नाही. नियमाला पुरेल एवढीच ताकद ठेवून हाताला होणारा त्रास कमीत कमी कसा होईल, हे तो शोधतो. बहुतेक जण 130च्या आसपास थांबतात. वरचे पाच आकडे सावधगिरीचे, ते का ते पुढे येईल.

तोच गुणाकार, पण हाताला वेगळा

गुणाकार 130 हवा असेल तर 115 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 1130 फूट वेगाने सोडावी लागते. 147 ग्रेनच्या गोळीला 884 फूट पुरतात. पहिली साधारण ध्वनीच्या वेगाला टेकलेली, दुसरी त्याच्या बरीच खाली. कागदावर दोन्ही सारख्याच.

हाताला मात्र त्या सारख्या लागत नाहीत, आणि याला केवळ कल्पनाशक्ती म्हणून झटकता येत नाही. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. त्यामुळे गुणाकार सारखा असला तरी हलक्या गोळीची ऊर्जा जवळपास 28 टक्के जास्त भरते. ही ऊर्जा येते पावडरीतून, म्हणजे हलक्या गोळीला पावडर जास्त लागते. जळालेल्या पावडरीचा वायूही नळीतून बाहेर फेकला जातो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगाने, आणि त्याचाही धक्का हातालाच बसतो. पॉवर फॅक्टरच्या हिशोबात मात्र हा वायू धरलेलाच नाही! म्हणजे नियम मोजतो एक आणि मनगट सोसतं दुसरं. या दोहोंतली फट जड गोळी आणि थोडी पावडर वापरून कमी करता येते.

दार बंद करायचं तर खांद्याने रेटूनही करता येतं आणि धाडकन आपटूनही. जड गोळीचा धक्का रेटल्यासारखा, हलकीचा आपटल्यासारखा, असं बहुतेक जण सांगतात. काहींना मात्र ते रेटणं सुस्त वाटतं. पिस्तुलाची वरची सरकपट्टी आळसावल्यासारखी मागे-पुढे होते म्हणतात, आणि 124वर परत येतात. माझ्या मते इथे भौतिकशास्त्र अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतं, पुढचं ज्याच्या त्याच्या हाताने ठरवायचं.

मग हा रंग कशाला?

महिन्याला हजारो काडतुसं झाडणाऱ्याला गोळी स्वस्त हवी. सर्वांत स्वस्त गोळी शिशाची. साच्यात ओततात, कडकपणासाठी अँटिमनी आणि थोडं कथील मिसळतात. 92 भाग शिसं, 6 अँटिमनी, 2 कथील हे प्रमाण बरंच वापरात आहे.

उघड्या शिशाची अडचण नळीत होते. नळीच्या आत मळसूत्रासारख्या पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. मऊ शिसं त्यात घासून चिकटत जातं. पूर्वी, आणि काही ठिकाणी आजही, गोळीभोवतीच्या खाचेत मेणासारखं वंगण भरत. ते जळून धूर करतं आणि सगळं चिकट करून ठेवतं.

दुसऱ्या टोकाला तांब्याच्या मिश्रधातूचं जाड कवच चढवलेली गोळी. उत्तम, पण महाग. तिसरा प्रकार, विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ थर चढवलेली.

रंगीत गोळी म्हणजे चौथा मार्ग. शिशाच्या गोळीवर पॉलिमरचा लेप देऊन ती सुमारे 200 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात, आणि असं दोन-तीनदा करतात. हा लेप कुंभाराच्या मडक्यासारखा असतो: एकदा नीट भाजला की पुन्हा वितळत नाही. रंग हा त्या लेपातलाच, लाल गोळी हिरवीपेक्षा चांगली असं काही नसतं.

इथे पहिली शंका येते. शिसं 327 अंशांना वितळतं. पावडरीची ज्वाला 2000 अंशांच्या वर जाते. मग प्लास्टिकसारखा पातळ थर टिकतो कसा? उत्तर वेळेत आहे. दिव्याच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवलं तर भाजत नाही. गोळी नळीत असते ती एका मिलिसेकंदाच्या आसपास. तेवढ्यात उष्णता आत शिरायला सवड मिळत नाही.

एक अट मात्र आहे. गोळी नळीत घट्ट बसली पाहिजे. सैल असली तर तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, वॉशर झिजलेल्या नळातून पाणी गळावं तसा, आणि जाता जाता लेपासकट शिसं खरवडून नेतो. म्हणून कवचाच्या 9 मिलिमीटर गोळीचा व्यास 0.355 इंच ठेवतात, तर लेपाची गोळी बहुधा 0.356 इंचाची असते. फरक इंचाच्या हजाराव्या भागाचा, पण नळी शिशाने भरणार की स्वच्छ राहणार हे त्यावर ठरतं.

लेप फाटतो तो बहुधा आपल्याच हाताने

'रंगीत गोळ्या वापरल्या, नळी शिशाने भरली, फसवणूक झाली' ही तक्रार तुम्ही कुठे ना कुठे वाचाल. अशा वेळी पहिला संशय मी गोळीवर नाही, भरण्यावर घेईन.

विजेच्या तारेवरचं रबर सोलताना पातं थोडं जास्त दाबलं तर आतली तार दुखावते. इथे उलट होतं: पुंगळीची पितळी कड लेपात रुतते. त्यामुळे पुंगळीचं तोंड आधी किंचित फुलवावं लागतं, म्हणजे गोळी न खरवडता आत बसते. नंतर ते फुललेलं तोंड पुन्हा सरळ करायचं, बस, सरळच. काहीजण इथे जोर लावून आवळतात, आणि लेप गोल कापला जातो.

शिवाय 9 मिलिमीटरच्या पुंगळीची भिंत आत खाली जाऊ लागली की जाड होते. 147 ग्रेनची गोळी लांब, तिचं बूड त्या जाड भागापर्यंत पोहोचतं आणि दाबलं जाऊन बारीक होऊ शकतं. मग व्यास नीट निवडून काय उपयोग? तपासणी सोपी आहे. पावडर आणि प्राइमर न घालता एक नमुना काडतूस तयार करायचं, हातोडीसारख्या उपकरणाने त्यातली गोळी परत बाहेर काढायची आणि लेपावर चीर दिसते का, व्यास कमी झालाय का ते बघायचं.

पावडर: काटक्या आणि ओंडका

आता मागची बाजू. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूर जवळजवळ न करणारी पावडर तयार केली. आजच्या सगळ्या पावडरी त्याच कुळातल्या. मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, काहींत जोडीला नायट्रोग्लिसरीन.

पावडर बंद जागेत स्फोटासारखी वागते, पण मुळात ती भराभर जळते. किती भराभर, ते दाण्याचा आकार आणि त्यावर दिलेला थर यावरून ठरतं. चुलीत काटक्या घातल्या तर भडका उडून संपतात, ओंडका सावकाश धुमसतो. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी पटकन निघून जाते, म्हणून बहुतेक मायनरवाले 'काटक्या' निवडतात. शीघ्र पावडर थोडी पुरते, आणि गोळी तोंडाशी येईपर्यंत मागचा दाब बराच उतरलेला असतो.

सगळ्या शीघ्र पावडरी मात्र सारख्या नसतात. फिनलंडच्या विहतावुओरीची एन 320 लेपाच्या गोळीसोबत फार लोकप्रिय आहे, कारण ती तुलनेने थंड आणि स्वच्छ जळते. टाइटग्रुप ही दुसरी शीघ्र पावडर थोडक्यात खूप काम करते, पण जळते गरम, आणि लेप करपून धूर होतो अशी तिच्याबद्दलची तक्रार जुनी आहे. बंदिस्त रेंजमध्ये पहिल्या बारानंतरचा धूर दुसऱ्या बाराच्या नेमाआड येतो, तेव्हा ही किरकोळ बाब राहत नाही. अलायंट कंपनीने स्पोर्ट पिस्टल ही पावडर तर लेपाच्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवूनच बाजारात आणली.

भरणारं यंत्र पावडर तोलत नाही, मापाने ओततं. बारीक गोल दाणे वाळूसारखे वाहतात, दर वेळी माप सारखं पडतं. चपट्या पापुद्र्यांची पावडर भुशासारखी कधी दाटते, कधी पोकळ बसते. दर वेळी फरक थोडाच, पण वेगात तो दिसतो.

'मग चिमूटभर जास्त घातली तर बिघडलं कुठे?'

इथे काटक्यांची उपमा अपुरी पडते. ही पावडर जितका दाब वाढेल तितकी अधिक वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळेल तितका दाब वाढतो. म्हणजे ती स्वतःच स्वतःला चिथावणी देते. चिमूट दुप्पट केली म्हणून दाब दुप्पट होऊन थांबेल असं नाही.

9 मिलिमीटर काडतुसाची अमेरिकी मानकाप्रमाणे कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला 35,000 पौंड आहे. शीघ्र पावडर आणि जड गोळी ही जोडी घेतली तर सुरुवातीचं माप आणि कमाल माप यांत कधीकधी अर्ध्या ग्रेनच्या आसपासच अंतर असतं. अर्धा ग्रेन म्हणजे 32 मिलिग्रॅम. या लेखात पावडरीचं एकही माप दिलेलं नाही, ते मुद्दाम. ते फक्त पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातून घ्यायचं असतं, कुणाच्या लेखातून नाही.

गोळी किती खोल बसवली यानेही दाब बदलतो. सायकलच्या पंपाचं तोंड बंद करून दट्ट्या दाबून पाहा, शेवटचा एक इंच किती जड जातो. पुंगळीतली जागा आधीच इवलीशी, त्यात गोळी एक मिलिमीटर खाली गेली तरी पावडरीची खोली लहान झाली. आणि लेपाच्या गोळ्यांची टोकं कंपनीगणिक वेगळी असतात. एखादी बोथट गोळी नळीतल्या खाचांना लवकर टेकते, मग ती खोल बसवावीच लागते. म्हणून पिस्तुलाची नळी सुटी करून त्यात नमुना काडतूस टाकून बघतात: टप् आवाज करून पूर्ण बसलं, बोटाने फिरलं, उलटं केल्यावर सुटून पडलं, तर लांबी जमली.

थोडी पावडर पुरते याचा आणखी एक तोटा आहे. ती पुंगळीत तळाशी जरा दिसते. चुकून दोनदा पडली तरी काही आकारांच्या पुंगळीत सामावून जाते, काठोकाठ येत नाही, नजर चुकते. .45 एसीपीसारख्या मोठ्या काडतुसाच्या ऐसपैस पुंगळीत तर फारच. उलट चूक, म्हणजे पावडर न पडणं, तितकीच वाईट. नुसता प्राइमर गोळीला ढकलून नळीत अर्ध्यावर अडकवतो, आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो. म्हणून प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहिल्याशिवाय गोळी ठेवायची नाही. या छंदात घाई, गप्पा आणि चालू टीव्ही यांना जागा नाही.

'तक्त्यात 147 ग्रेन लिहिलंय, माझीही 147चीच'

वजन सारखं असलं म्हणून तक्ता लागू होतोच असं नाही. लेप गुळगुळीत, शिसं मऊ. तांब्याच्या कवचापेक्षा ही गोळी नळीत कमी अडते, आणि बऱ्याचदा तेवढ्याच पावडरीत थोडी जास्त वेगाने जाते. म्हणून माप शोधायचं ते लेपाच्या किंवा शिशाच्या गोळीचं, सुरुवात तक्त्यातल्या किमान मापापासून, आणि वर जायचं ते वेग मोजण्याच्या यंत्राकडे बघत बघत. या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. तो नसेल तर पॉवर फॅक्टर म्हणजे निव्वळ अंदाज.

'लेप आहे म्हणजे शिशाची भीती गेली?'

पूर्ण नाही. कवचाच्या साध्या गोळीचं बूड अनेकदा उघडं असतं आणि तिथून शिशाची वाफ निघते. लेपाची गोळी सगळीकडून झाकलेली, तेवढा फायदा खरा. पण बहुतेक प्राइमरमध्येही शिशाचं संयुग असतं, ते प्रत्येक बाराला हवेत जातं आणि वापरलेल्या पुंगळीत साचतं. हात धुणं, पुंगळ्या घराबाहेर साफ करणं, भरताना तोंडात काही न घालणं, हे सुटत नाही.

लेप सगळीकडे चालतो असंही नाही. खाचांऐवजी बहुकोनी नळी असलेल्या काही पिस्तुलांच्या पुस्तिकेत शिशाच्या गोळ्या वापरू नका असं लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. आणि ओपन विभागात सगळं गणित उलटतं. तिथे नळीच्या तोंडाशी वायू वर फेकून पिस्तूल खाली दाबणारा कॉम्पेन्सेटर असतो. त्याला वायू भरपूर लागतो, म्हणून तिथे पावडर सावकाश जळणारी आणि जास्त, 'ओंडका'. शिवाय त्याच्या भोकांच्या कडा लेप आणि शिसं खरवडून साठवतात, म्हणून गोळी कवचाची. मायनरवाला ज्या वायूला टाळतो, त्याच वायूवर ओपनवाला जगतो.

आठवं काडतूस

वरचे पाच आकडे कशासाठी, ते राहिलं होतं. स्पर्धेत तुमच्याकडून आठ काडतुसं उचलतात. एकाची गोळी उपसून तोलतात, तीन झाडून वेग मोजतात. सरासरी कमी भरली तर आणखी तीन झाडतात आणि सहांतले सर्वांत जास्त तीन वेग धरतात. मेजर सांगून कमी भरला तर मायनरचे गुण मिळतात. मायनरच्याही खाली गेलात तर खेळत राहा, गुण नाहीत.

आणि कमी भरायला फार काही लागत नाही. काही पावडरी थंडीत मंदावतात. मापात दोन-चार मिलिग्रॅम इकडेतिकडे होतात. 147ची म्हणून घेतलेली ओतीव गोळी तराजूवर 146 भरू शकते, आणि 884 फुटांवर तेवढ्याने जवळपास एक आकडा जातो.

सहाही कमी पडले तर हातात उरतं आठवं काडतूस, आणि त्याचं काय करायचं ते खेळाडूने सांगायचं असतं. झाडायचं, या आशेने की हा एक वेग जास्त येईल? की गोळी उपसून तोलायची, या आशेने की ही पहिलीपेक्षा जड निघेल? ज्याने घरी शंभर गोळ्या तराजूवर ठेवून पाहिल्या असतील, त्याला हे उत्तर टेबलापाशी उभं राहून शोधावं लागत नाही.